पाणी कधी पाजायचे आणि कधी थांबवायचे?

प्रश्न : माझ्या ३४ वर्षांच्या धाकट्या भावाला पिट्युटरी ग्रंथीच्या लगेच वर गाठ निघाली आणि दोन महिन्यांपूर्वी तिची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याच दिवसापासून त्याला दिवसाला सात-आठ लिटर लघवी होऊ लागली, तेव्हा ‘मागेल तेवढे पाणी द्या’ असे आम्हाला सांगण्यात आले. आठवड्याभराने लघवी एकाएकी कमी झाली, रक्तातले सोडियम घसरले, तो असंबद्ध बोलू लागला आणि ‘पाणी कमी करा’ अशी सूचना मिळाली. पुढे काही दिवसांनी लघवी पुन्हा वाढली. आता डेस्मोप्रेसिनची गोळी रोज सुरू आहे. आईने मधल्या प्रसंगाचा इतका धसका घेतला आहे, की ती त्याला पाणी मोजून देते आणि जेवणात मीठ वाढवते. तो मात्र रात्री उठूनही पाणी मागतो. ग्रंथी वाचवली असे डॉक्टर म्हणतात, शिवाय शरीरातले पाणी राखणारे संप्रेरक मेंदूत तयार होते असेही मी वाचले. मग कमतरता आली कुठून? आणि ही गोळी जन्मभर घ्यावी लागेल का?

उत्तर : एकाच रुग्णासाठी एकाच महिन्यात आधी भरपूर पाणी द्या, मग पाणी तोडा आणि मग पुन्हा वेगळेच काही, अशा सूचना मिळाल्या तर घरच्यांचा विश्वास डळमळणारच. तुम्ही लिहिलेला घटनाक्रम पाहता या सगळ्या सूचना आपापल्या वेळी योग्य होत्या. चुकले असेल तर एवढेच, की त्यामागचा क्रम तुम्हाला कोणी आधी समजावून सांगितला नाही. हा क्रम समजायचा तर हे संप्रेरक तयार कुठे होते, साठते कुठे आणि रक्तात कुठून उतरते हे पाहावे लागेल, आणि तुमचा ‘कमतरता आली कुठून’ हा प्रश्नही नेमका तोच आहे.

या संप्रेरकाचे नाव व्हॅसोप्रेसिन. तुमच्याकडच्या कागदपत्रांत ते एडीएच किंवा एव्हीपी असे लिहिलेले असेल. ते तयार होते हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या, वजनाने जेमतेम चार ग्रॅम भरणाऱ्या भागात. दोन्ही डोळ्यांच्या चेता जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर मोठ्या चेतापेशींचा एक समूह आहे आणि मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या भिंतीलगत दुसरा. या पेशी आधी १६४ अमिनो आम्लांची एक लांब साखळी बनवतात, ती सूक्ष्म पिशव्यांमध्ये भरतात आणि वाटेत तिचे तुकडे करतात. त्यातला अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे व्हॅसोप्रेसिन. दुसरा, न्यूरोफायसिन, त्याला वाहून नेतो. आणि तिसरा, कोपेप्टिन, शरीरात काय काम करतो यापेक्षा तपासणीसाठी जास्त उपयोगी पडतो, कारण व्हॅसोप्रेसिन रक्तात काही मिनिटांत विघटित होते आणि मोजायला फार किचकट असते, तर त्याच्याच प्रमाणात बाहेर पडणारे कोपेप्टिन टिकाऊ असते.

भरलेल्या पिशव्या त्याच चेतापेशींच्या लांब तंतूंमधून, पिट्युटरीच्या देठातून खाली उतरतात आणि पिट्युटरीच्या मागच्या भागात तंतूंच्या टोकाशी साठून राहतात. पिट्युटरीचा पुढचा भाग ही खरीखुरी ग्रंथी असून ती आपली संप्रेरके स्वतः बनवते. मागचा भाग मात्र मेंदूचाच खाली आलेला फाटा आहे आणि तो स्वतः व्हॅसोप्रेसिनचा एक कणही बनवत नाही. कारखाना वर, गोदाम खाली आणि देठ हा मधला एकमेव रस्ता, असे समजा. म्हणून ‘ग्रंथी वाचवली’ आणि ‘संप्रेरक कमी पडते आहे’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. तुमच्या भावाची गाठ ग्रंथीच्या वर, म्हणजे बहुधा देठाच्या अगदी लगत होती, आणि अशी गाठ काढताना देठाला इजा न होणे कुशलातल्या कुशल हातांनाही नेहमी जमतेच असे नाही.

हे संप्रेरक ग्रंथीच बनवते असा समज डॉक्टरांमध्येही बराच काळ होता, हेही सांगून ठेवतो. १८९५ साली ऑलिव्हर आणि शेफर यांनी पिट्युटरीच्या अर्काने रक्तदाब वाढतो हे दाखवले होते आणि १९१३ साली फॉन डेन व्हेल्डेन यांनी जर्मनीत व फारिनी यांनी इटलीत मागच्या भागाचा अर्क टोचून अतिलघवीच्या रुग्णांची लघवी आटोक्यात आणली होती. अर्क तिथून निघतो आणि गुण येतो, तर निर्मितीही तिथलीच, असे वाटणे साहजिक होते. १९२८ साली अर्न्स्ट शारर यांना माशाच्या हायपोथॅलॅमसमध्ये ग्रंथीसारखा स्राव बाळगणाऱ्या चेतापेशी दिसल्या, पण चेतापेशी संप्रेरक बनवते ही कल्पना तेव्हा फारशी कोणाला पटली नाही. १९४९ साली वोल्फगांग बार्गमान यांनी विशिष्ट रंजकाने तो स्राव हायपोथॅलॅमसपासून देठातून थेट पिट्युटरीच्या मागच्या भागापर्यंत रंगवून दाखवला आणि हा वाद जवळपास मिटला.

आता हे संप्रेरक केव्हा सुटते ते पाहू. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या कडेला काही ठिकाणे अशी आहेत, की तिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला नेहमीचा घट्ट पडदा नसतो, त्यामुळे तिथल्या पेशींना रक्ताची दाटी थेट जाणवते. रक्तात क्षारांच्या मानाने पाणी कमी झाले की या पेशी किंचित आक्रसतात आणि त्या आक्रसण्यातूनच त्यांचा विद्युतसंदेश सुरू होतो. संदेश मोठ्या चेतापेशींकडे जातो, तिथून तंतूंमधून खाली गोदामापर्यंत पोहोचतो आणि पिशव्यांमधले संप्रेरक रक्तात मोकळे होते. निरोगी माणसाच्या रक्ताची दाटी दर किलोमागे साधारण २८० ते २९५ मिलिऑस्मोल या अरुंद पट्ट्यात राहते, आणि तिच्यात एक टक्क्याचा फरक पडला तरी ही यंत्रणा जागी होते. दाटी आणखी थोडी वाढली की तहान लागते. म्हणजे आधी शरीर असलेले पाणी राखते आणि ते पुरत नाही असे दिसले की बाहेरून मागते. आणखी एक गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे: पाणी पिताच, ते आतड्यातून रक्तात उतरण्याच्याही आधी, तोंड आणि घशाकडून आलेल्या जाणिवेवरून मेंदू संप्रेरक सोडणे कमी करतो. पहिल्या काही घोटांतच तहान शमल्यासारखी वाटते ती यामुळेच.

दाटीखेरीज इतर कारणांनीही संप्रेरक सुटते. रक्तदाब बराच खाली गेला, रक्तस्राव झाला, तीव्र वेदना असल्या, मळमळ होत असली की ते वाढते. मद्याने ते दबते. यातली मळमळ लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतांश या संप्रेरकाची वाट न पाहताच परत शोषला जातो. प्रश्न असतो तो अखेरच्या नलिकांपर्यंत उरलेल्या पाण्याचा. व्हॅसोप्रेसिन त्या नलिकांच्या पेशींवर येऊन बसले, की पेशीच्या आत राखून ठेवलेल्या पाण्याच्या वाटा, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिने, नलिकेच्या बाजूच्या पडद्यावर येतात आणि पाणी शरीरात परत जाते. संप्रेरक हटले की या वाटा पुन्हा आत घेतल्या जातात आणि पाणी लघवीत वाहून जाते. अ‍ॅक्वापोरिनच्या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या एका यंत्रणेमुळे लघवीची दाटी दर किलोमागे ५० मिलिऑस्मोलपासून १२०० पर्यंत कुठेही राहू शकते, आणि प्रौढ माणसाला दिवसाला तीन लिटरहून अधिक लघवी होऊ लागली की डॉक्टर या यंत्रणेची चौकशी सुरू करतात. तुमच्या भावाचे सात-आठ लिटर त्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे होते.

आता तुमच्या घरी घडले ते या चित्रावर ठेवून पाहा. देठाला धक्का बसला तेव्हा तंतू बधिर झाले. गोदामात माल होता, पण तो सोडण्याचा हुकूम खाली पोहोचत नव्हता. म्हणून पहिले काही दिवस लघवीचा लोट सुरू झाला आणि जाणारे पाणी भरून काढण्यासाठी त्याला हवे तेवढे पाणी देणे आवश्यक होते. तसे केले नसते तर सोडियम चढत गेले असते. साधारण आठवड्याभरात इजा झालेल्या तंतूंची टोके मरू लागतात आणि मरताना त्यांच्यात साठलेले संप्रेरक रक्तात झिरपत राहते. शरीराला गरज आहे की नाही हे तेव्हा कोणी विचारत नाही, कारण विचारणारी वाटच तुटलेली असते. मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात, रुग्ण मात्र आधीच्या सूचनेप्रमाणे आणि लागलेल्या सवयीप्रमाणे पाणी पितच असतो, रक्त पातळ होते आणि सोडियम १३५ ते १४५ या नेहमीच्या पट्ट्याच्या खाली घसरते. सोडियम घसरल्याने मेंदूच्या पेशींना सूज येते आणि असंबद्ध बोलणे हे तिचेच लक्षण होते. त्या दिवसांत पाणी तोडणे हाच उपचार होता. गोदाम रिकामे झाले की ही गळती आपोआप थांबते आणि वर कारखान्यात पुरेशा पेशी उरल्या नसतील तर लघवी पुन्हा वाढते. हा तीन टप्प्यांचा क्रम या भागातल्या शस्त्रक्रियांनंतर चांगला परिचित आहे. प्रत्येकाला तिन्ही टप्पे येतात असे नाही, आणि काहींना फक्त मधलाच येतो. रुग्ण नेमका पहिल्या आठवड्याच्या सुमारास घरी जातो, त्यामुळे मधल्या टप्प्याची कल्पना घरच्यांना लेखी दिलीच पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

आईंचा धसका मधल्या टप्प्याचा आहे, पण भाऊ आता तिसऱ्या टप्प्यात आहे आणि इथे नियम बदलतो. गोळीचा अंमल असेपर्यंत मूत्रपिंडे पाणी धरतात, तो उतरत आला की सोडून देतात. अंमल उतरलेला असताना तो पाणी मागत असेल आणि आई देत नसतील, तर लघवीवाटे पाणी जातच राहणार आणि सोडियम उलट्या दिशेने, म्हणजे वर जाणार. आग्रह करकरून, तहान नसताना पाणी पाजणेही तितकेच चुकीचे, कारण गोळीच्या अंमलात जादा पाणी बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे राहत नाही. तेव्हा मोजमाप बंद करून त्याच्या तहानेवर सोपवावे: तहान लागली की प्यावे आणि शमली की थांबावे. मोजायचेच असेल तर आईंनी रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याचे वजन करून लिहून ठेवावे. एक-दोन दिवसांत वजन किलो-दीड किलोने वाढले तर ते पाणीच असते आणि तेवढ्याने कमी झाले तर किलो-दीड किलो पाणी शरीरातून गेलेले असते. पाण्याच्या हिशेबापेक्षा ही नोंद तुमच्या डॉक्टरांच्या कितीतरी अधिक उपयोगी पडेल. मीठ वाढवण्याचे मात्र काहीही कारण नाही. त्या आठवड्यात सोडियम घसरले ते प्रामुख्याने पाणी साठल्यामुळे. जादा मिठाने आता तहान वाढेल, तो अधिक पाणी पिईल आणि वर गोळी आहेच.

हा सगळा सल्ला त्याची तहान शाबूत आहे या गृहीतावर उभा आहे, आणि तो रात्री उठून पाणी मागतो असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे ती शाबूत असावी असे दिसते. तहानेची जाणीव करून देणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसच्या पुढच्या कडेला असतात आणि क्वचित काही रुग्णांत त्यांनाही इजा होते. अशा रुग्णाला कितीही कोरड पडली तरी पाणी मागावेसे वाटत नाही. त्याचे पाणी खरोखरच ठरवून, वजन आणि सोडियम पाहून द्यावे लागते. तुमच्या भावाला दुपारभर पाणी न पिता राहूनही तहान लागत नाही असे कधी आढळले, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

डेस्मोप्रेसिन म्हणजे व्हॅसोप्रेसिनच्या रेणूत थोडा फेरफार करून बनवलेले औषध. मूळ रेणूची रचना उलगडून तो प्रयोगशाळेत बनवण्याचे काम व्हिन्सेंट डु व्हिन्यो यांनी केले आणि त्यांना १९५५ साली नोबेल मिळाले. फेरफारामुळे औषधाचा अंमल काही मिनिटांऐवजी काही तास टिकतो आणि रक्तदाबावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. गोळी, जिभेखाली विरघळणारी गोळी आणि नाकातला फवारा या तिन्हींच्या मात्रा एकमेकींशी जुळत नाहीत. गिळलेल्या औषधाचा फार मोठा भाग पोटात आणि आतड्यात वाया जातो, म्हणून गोळीची मात्रा फवाऱ्याच्या कितीतरी पट असते. एक प्रकार संपला म्हणून दुसरा त्याच आकड्याने स्वतःहून सुरू करू नका. पुढची मात्रा घेण्यापूर्वी लघवी मोकळी आणि पातळ होऊ लागली असेल तर धास्ती बाळगू नका, उलट ते चांगले लक्षण आहे: साचलेले जादा पाणी निघून जाण्याची ती संधी असते. कित्येक डॉक्टर याच हेतूने आठवड्यातून एकदा एखादी मात्रा मुद्दाम उशिरा घ्यायला सांगतात. तुमच्या भावासाठी हे कसे करायचे ते त्याच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

डोकेदुखी, मळमळ, सुस्ती, गोंधळल्यासारखे वागणे यांपैकी काही दिसले तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी सोडियम तपासून घ्या. झटका आला किंवा शुद्ध हरपू लागली तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा. मळमळीने शरीरात शिल्लक असलेले थोडेफार संप्रेरक आणखी सुटते, म्हणून उलट्यांच्या दिवसांत पाण्याचा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. वेदनाशामक गोळ्यांपैकी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, झटक्यांवरचे कार्बामाझेपिन आणि नैराश्यावरची काही औषधे डेस्मोप्रेसिनसोबत सोडियम खाली नेऊ शकतात; शस्त्रक्रियेनंतर झटके येऊ नयेत म्हणून त्याला काही औषध दिले असेल तर त्याचे नाव तपासून पाहा.

त्याला हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसोल या संप्रेरकाची भरपाई करणारे औषध, सुरू आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. असेल तर ते स्वतःहून कमी करू नका. पिट्युटरीचा पुढचा भाग दुखावला असेल तर शरीरातले कॉर्टिसोल कमी पडते, आणि कॉर्टिसोल कमी असताना मूत्रपिंडांना पाणी नीट बाहेर टाकता येत नाही. अशा वेळी लघवी कमी होते, गोळीची गरज उतरली असे वाटते आणि प्रत्यक्षात प्रकृती बिघडत असते. लघवी कमी होण्याचे हे एक कारण घरी ओळखता येत नाही, त्यासाठी रक्ताची तपासणीच हवी.

जन्मभराबद्दल आज कोणालाही ठामपणे सांगता येणार नाही, आणि सांगण्याची घाईही कोणी करू नये. सगळे अवलंबून आहे ते वरच्या मोठ्या चेतापेशी किती वाचल्या यावर. तंतू जितका वर, हायपोथॅलॅमसच्या जितका जवळ तुटतो तितकी मूळ पेशी मरण्याची शक्यता जास्त. खालच्या बाजूला तुटला तर पेशी वाचते आणि देठाच्या उरलेल्या टोकातूनही रक्तात संप्रेरक सोडायला शिकते. दिलासा असा, की या पेशींची राखीव ताकद मोठी असते: साधारण १० ते १५ टक्के पेशी काम करत राहिल्या तरी लघवीचा लोट सहसा येत नाही. सुधारणा व्हायची असेल तर ती काही आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत केव्हाही दिसू शकते, त्यामुळे दोन महिने हा निकाल लावण्याइतका काळ नाही. तिसरा टप्पा येणे हे इजा बरीच खोल गेल्याचे लक्षण मानतात, म्हणून मी तुम्हाला खोटी आशाही दाखवणार नाही. एमआरआयच्या अहवालात पिट्युटरीच्या मागच्या भागाचा उजळ ठिपका दिसत नाही असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ साठा दिसत नाही एवढाच. तो ठिपका काही निरोगी माणसांतही दिसत नाही, तेव्हा एकट्या त्या ओळीवरून काही ठरवू नका. गोळी लागते की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायची: एक मात्रा थांबवून लघवीचे प्रमाण, तिची दाटी आणि सोडियम पाहतात. हे दर काही महिन्यांनी करून पाहण्याची आठवण तुम्हीच द्या. गोळी लागू पडली की ती वर्षानुवर्षे तशीच चालू राहते आणि मध्यंतरी तिची गरज संपली का, हे पाहायचे राहून जाते.

त्याच्या खिशात एक कार्ड ठेवा. या आजाराचे रूढ नाव डायबेटिस इन्सिपिडस असल्यामुळे, हा रुग्ण साखरेचा आहे असे समजून तपासण्या आणि उपचार भलतीकडे गेल्याचे प्रसंग घडले आहेत. म्हणूनच २०२२ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ‘व्हॅसोप्रेसिनची कमतरता’ असे नवे नाव सुचवले. कार्डावर दोन्ही नावे, डेस्मोप्रेसिनची मात्रा आणि वेळ, हायड्रोकॉर्टिसोन सुरू असेल तर तेही, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन क्रमांक असू द्या. अपघात, भूल देऊन करायची कोणतीही शस्त्रक्रिया, सतत उलट्या, किंवा ज्यात त्याला स्वतः पाणी मागता वा पिता येणार नाही असे काहीही झाले, तर भरती होताक्षणी हे कार्ड दाखवा, गोळी चुकवू नका म्हणून सांगा आणि सलाइन सुरू करताना सोडियम वरचेवर तपासण्याचा आग्रह धरा.